पृष्ठविभाजन, डेटाबेसमधील

डेटाबेसमधून शोधून काढलेल्या ओळी संकेतस्थळावर पानापानाने दाखवण्याची पद्धत, व्यवहारात पेजिनेशन. महाराष्ट्रातील ३५८ तालुके दर पानाला ५० प्रमाणे अकारविल्हे लावले, तर आठ पाने होतात.

सर्वांत रूढ रीत लिमिट-ऑफसेटची : पहिल्या ३०० ओळी सोडा, पुढच्या ५० द्या. पण सोडायच्या ओळीही डेटाबेस वाचतो, मोजतो आणि मग टाकून देतो. तालुक्यांच्या यादीत हे जाणवत नाही, तिथे ऑफसेट खुशाल वापरावा. लाखो नोंदींच्या यादीत मात्र शेवटची पाने रेंगाळतात. शिवाय वाचन चालू असताना आधीच्या भागात नवी नोंद पडली की एक ओळ पुढच्या पानावर पुन्हा दिसते आणि नोंद वगळली की एक ओळ दिसतच नाही. म्हणून मोठ्या, बदलत्या यादीला खुणेची रीतच योग्य : मागच्या पानाची शेवटची ओळ धरून तिच्यानंतरच्या ५० मागणे. थेट सातव्या पानावर जाता येत नाही, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे. पण वाचकाला सातवे पान नको असते, रावेर हवे असते. मराठी विकिपीडियाच्या वर्गपानांवर एका वेळी २०० नोंदी दिसतात आणि पुढचा दुवा नोंदीच्या नावावरूनच बनतो.

खरी अडचण क्रमाची. मराठी वर्णमालेत ळ हा ह-नंतर येतो, युनिकोडच्या संकेतांकांत ल आणि व यांच्यामध्ये. म्हणजे वर्णमालेनुसार आधी जव्हार, मग जळगाव, संकेतांकांनुसार उलट. यादी वर्णमालेने लावली, तुलना संकेतांकांनी केली आणि पान जव्हारवर संपले, तर जळगाव कुठल्याच पानावर येत नाही. (अमळनेर बचावते : शेजारी अमरावती, आणि र दोन्ही क्रमांत ळ-च्या आधीच.) खूण एकमेव असणेही तितकेच आवश्यक. कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे तसे यवतमाळातही; नुसत्या नावाची खूण ठेवून पान पहिल्या कळंबवर संपले, तर दुसरे गळते. नावाला जिल्ह्याची जोड दिली की प्रश्न सुटतो, मात्र इंडेक्सही त्याच जोडीवर हवा.

एकूण पानांचा आकडा : मोजणीची वेगळी क्वेरी लागते.

प्रमाणीकरण : एसक्यूएलच्या प्रमाणात फेच फर्स्ट २००८ मध्ये आले, लिमिट हा शब्द मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल यांत चालतो.