कार्यक्रमसंहिता, दूरचित्रवाणीची

दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित करावयाच्या कार्यक्रमांचा आशय व मांडणी यांसंबंधीच्या नियमांचा संच. भारतात या संहितेचा उगम दूरचित्रवाणीत नसून नभोवाणीत आहे. दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, ते आकाशवाणीच्या छत्राखाली. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन वेगळे झाले. तथापि मित्रराष्ट्रांवरील टीका, धर्म वा जमातींवरील हल्ला, अश्लीलता, बदनामी, हिंसेस चिथावणी इत्यादींना मनाई करणारी आकाशवाणीची संहिता नव्या माध्यमासही लागू राहिली. तिची भाषा इतकी व्यापक होती, की कार्यक्रमाचे भवितव्य पुष्कळदा अधिकाऱ्याने लावलेल्या अर्थावर अवलंबून असे. ‘हम लोग’ (१९८४) पासून प्रायोजित मालिकांचा ओघ वाढला आणि या संदिग्धतेची झळ निर्मात्यांना अधिक बसू लागली.

नियमाचा भंग झाला की नाही हे कोणत्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ठरवावयाचे, हा खरा प्रश्न होता. तो ‘तमस’ मालिकेच्या वेळी ऐरणीवर आला. भीष्म साहनी यांच्या फाळणीविषयक कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेल्या या मालिकेने जातीय तेढ वाढेल, या तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी जानेवारी १९८८ मध्ये प्रक्षेपणास तात्पुरती स्थगिती दिली. न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने संपूर्ण मालिका स्वतः पाहून ती उठविली. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मालिकेस बाध आणला नाही. त्यासाठी त्याने आधार घेतला तो नागपूर उच्च न्यायालयातील न्या. व्हिव्हियन बोस यांच्या जुन्या कसोटीचा : शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर व धैर्यशील माणसाच्या मापाने जोखावा, दुर्बळ, डळमळीत मनाच्या वा प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. संहितेच्या इतिहासातील हा निर्णायक टप्पा मानावयास हवा.

त्याच वर्षी ‘होनी अनहोनी’ या मालिकेमुळे अंधश्रद्धेस खतपाणी मिळते, म्हणून महाराष्ट्रातील लोकविज्ञान संघटनेने दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाचा मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. दूरदर्शनच्या अटींस अधीन राहून तेथे चित्रपट दाखविण्याचा नागरिकाचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असेही त्याने सांगितले. संघटनेची चिंता मात्र अनाठायी नव्हती. भोपाळ वायुदुर्घटनेवरील ‘बियाँड जेनोसाइड’ हा पुरस्कारप्राप्त अनुबोधपट दूरदर्शनने नाकारला, तेव्हा नकाराचे समर्थन करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावरच आहे, हे तत्त्व १९९२ मध्ये प्रस्थापित झाले.

खाजगी वाहिन्या आल्यावर संहितेस वैधानिक रूप लाभले. केबल दूरचित्रवाणीविषयक १९९५ च्या अधिनियमाच्या पाचव्या कलमाने विहित संहितेबाहेरील कार्यक्रमास बंदी केली. ही संहिता १९९४ च्या नियमांतील सहाव्या नियमात आहे. अंधश्रद्धेस उत्तेजन देणारा कार्यक्रम तीत स्पष्टपणे निषिद्ध आहे. मुले मोठ्या संख्येने पाहतात त्या वेळी त्यांना अयोग्य असा कार्यक्रम दाखविता येत नाही. त्यामुळे प्रक्षेपणाच्या वेळेचा विचार निर्मात्यास संहितालेखनापासूनच करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार तक्रार प्रथम वाहिनीकडे, नंतर वाहिन्यांच्या स्वनियामक मंडळाकडे व अखेरीस केंद्र शासनाच्या देखरेख यंत्रणेकडे जाते.