अवजड भारांची उचल : बुलढाणा जिल्हा

माणसाच्या अंगबळाने सहज हलविता न येणारी वस्तू साधनांच्या साहाय्याने उचलणे, नेणे व इष्ट स्थळी ठेवणे, या क्रियेस अवजड भाराची उचल म्हणतात. भाराचे वजन व गुरुत्वमध्य ठरविणे, त्याला दोर किंवा साखळी बांधणे, तो उचलणे, वाहून नेणे आणि खाली टेकविणे ही तिची प्रमुख अंगे होत. बांधकामांवर हे काम करणाऱ्या कुशल कामगारास खलाशी किंवा रिगर म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात मध्ययुगीन मंदिरांपासून एकविसाव्या शतकातील द्रुतगती महामार्गापर्यंत या कलेचे निरनिराळे टप्पे आढळतात. या काळात साधने पूर्णपणे बदलली; तथापि धोक्याचे मूळ बदललेले नाही. भार उचलला जात असता माणूस कोठे उभा असतो, यावरच त्याची सुरक्षितता प्रामुख्याने अवलंबून असते.

मध्ययुगीन बांधकामे : लोणार येथील दैत्यसूदन मंदिर तसेच सातगाव भुसारी व कोथळी येथील मंदिरे जिल्ह्यातील प्राचीन शिल्पकामाची साक्ष देतात. या प्रकारच्या बांधणीत घडीव शिळा चुन्याशिवाय एकमेकींवर बसविल्या जात. शिळांचे वजन व खाचांची जुळणी यांमुळे भिंती व छते स्थिर राहत. त्यामुळे प्रत्येक तुळई व छताची शिळा अचूक उंचीवर नेऊन हळुवारपणे टेकविणे आवश्यक असे. अशा कामासाठी मातीचा उतार, लाकडी ओंडके, पहार, पाचरी आणि वाखाचे दोर ही साधने परंपरेने वापरात होती. उतारावरून ओढलेली शिळा अधांतरी लटकत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. तिचा धोका निराळा होता : दोर तुटल्यास शिळा उताराने मागे घसरे व तिच्यामागे पाचर लावणारा माणूस प्रथम सापडे.

अशा शिळांच्या वजनाची कल्पना सिंदखेड राजा येथील एका उदाहरणावरून येते. जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास लखुजी जाधव यांच्या समाधीच्या परिसरात उत्खनन करताना शेषशायी विष्णूची मूर्ती आढळली. तिची लांबी सु. १.७ मी. व उंची सु. १ मी. आहे. एवढ्याच लांबी-उंचीची व ३० सेंमी. जाडीची अखंड शिळा घेतल्यास तिचे घनफळ सु. अर्धा घनमीटर होते व घनमीटरास २.८ टन या हिशेबाने वजन सु. १.४ टन भरते. कोरीव कामामुळे प्रत्यक्ष मूर्ती याहून हलकी असते. तरीही दहा-वीस माणसांनी हाताने उचलण्याची ती वस्तू नव्हे. नजरेस लहान दिसणारा दगड वजनाने फसवितो, म्हणून उचलीपूर्वी घनफळावरून वजन काढणे हा पहिला नियम मानला जातो.

मोट आणि विहिरीची यारी : ग्रामीण भागात दोर व कप्पी यांचा परिचय शेतकऱ्यास मोटेमुळे झाला. चाकावरून गेलेला नाडा व चामडी मोटेचे तोंड सांभाळणारा सोंदूर यांच्या साहाय्याने बैल धावेवरून खाली उतरत आणि पाणी वर येई. बैलांचे स्वतःचे वजन उतारावर उपयोगी पडावे, अशी ही योजना होती. विद्युत् पंपांच्या प्रसारानंतर मोट मागे पडली. विहीर खोदण्याच्या कामात मात्र दोराची उचल टिकून राहिली. फोडलेला दगड व मुरूम वर काढण्यासाठी विहिरीच्या काठावर यंत्रावर चालणारी यारी उभी करतात. तिचा पोलादी तारदोर गुंडाळणाऱ्या पिंपावर घट्ट बसलेला असावा लागतो, काठ खचणारा नसावा लागतो व ब्रेक विश्वासू असावा लागतो.

या यारीच्या वापरात एक घातक सवय रूढ आहे. दगड वर नेणाऱ्या पाटीतच उभे राहून मजूर विहिरीत उतरतात व वर येतात. दगडांसाठी पुरेसा असलेला दोर माणसासाठी पुरेसा ठरत नाही. कारण दगड पडल्यास नुकसान होते, माणूस पडल्यास जीव जातो. म्हणून माणसे नेण्यासाठी स्वतंत्र, कठडा असलेला पिंजरा आणि अधिक सुरक्षा गुणक आवश्यक मानतात. पाटी वर जात असता तळाशी थांबलेल्या मजुराने काठाच्या सरळ रेषेत उभे न राहणे, हाही तितकाच महत्त्वाचा नियम आहे.

रेल्वे व कापसाचा व्यापार : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळ–नागपूर मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. तो मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव या स्थानकांवरून जातो. १८७० मध्ये जलंब–खामगाव हा फाटा सुरू होऊन खामगावचा कापूस थेट मुंबईकडे जाऊ लागला. सरकी काढण्याच्या व गठाण बांधण्याच्या कारखान्यांमुळे जिल्ह्यात बाष्पशक्तीवर चालणारी यंत्रे आली आणि त्यांबरोबर रूळ, बाष्पित्रे व दाबयंत्रे उतरवून बसविण्याचे नवे काम निर्माण झाले. तिपाई, कप्प्यांची जोडी व हाताने फिरविण्याचा रहाट ही या काळातील साधने होत.

आधुनिक मापाची घट्ट दाबलेली रुईची गाठ सु. १७० किग्रॅ. भरते. थप्पीवरून गाठ सरकल्यास खालच्या हमालास बाजूला होण्यास अवधी मिळत नाही. पाठीवरच्या ओझ्याचे परिणाम मात्र एका दिवसात दिसत नाहीत. कणा, गुडघे व मान यांची हळूहळू झीज होते. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ या कायद्याने अशा कामगारांचे वेतन, नोंदणी व कल्याण यांचे नियमन सुरू केले.

खलाशांची परिभाषा : यारीच्या चालकास बहुधा भार नीट दिसत नाही; म्हणून खालून इशारा देणारा एकच माणूस नेमतात. बंदरांतील खलाशांच्या बोलीतून बांधकामांवर आलेले ‘हबेस’ (वर घ्या) व ‘आरिया’ (खाली सोडा) हे शब्द भारतात सर्वत्र परिचित आहेत. यांपैकी दुसरा पोर्तुगीज भाषेतून आला आहे. इशारा एकाचाच पाळावा, परंतु ‘थांबा’ हा इशारा कोणीही दिला तरी चालकाने थांबावे, असा संकेत आहे.

दोराचा ताण व यारीची क्षमता : पोलादी तारदोर १८३४ मध्ये व्हिल्हेल्म अल्बर्ट यांनी जर्मनीतील हार्ट्‌स पर्वतातील खाणींसाठी तयार केला. वाखाचा दोर व लोखंडी साखळी यांपेक्षा तो अधिक भरवशाचा ठरला. कारण त्याच्या काही तारा तुटल्या तरी तो एकदम निकामी होत नाही व दोष डोळ्यांना दिसतो. तरीही बांधणी चुकल्यास चांगला दोरही तुटतो. १० टनांचा भार दोन दोरांनी उचलताना प्रत्येक दोर क्षितिजाशी ६०° कोनात असल्यास प्रत्येकावर सु. ५.८ टन ताण येतो. ४५° कोनात तो सु. ७.१ टन व ३०° कोनात पूर्ण १० टन होतो. म्हणजेच दोर जितके आडवे, तितका धोका अधिक. यारीची क्षमताही स्थिर नसते. तिचा हात जितका लांब जाईल तितका कमी भार ती पेलू शकते. ‘वीस टनी यारी’ या नावावर विसंबून दूरवरचा दहा टनांचा भार उचलल्यास यारी उलटू शकते.

जमिनीचा प्रश्न : पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. उन्हाळ्यात खडकासारखी भासणारी ही जमीन पावसानंतर यारीच्या आधारपायांखाली खचते. म्हणून पायांखाली रुंद लाकडी ओंडके वा पोलादी पत्रे घालून वजन पसरवितात. अजिंठ्याच्या रांगेतील घाटमाथ्यावर मुरूम व बेसाल्ट खडक असल्याने पाया टणक मिळतो. तेथे मात्र उतार व वारा यांचा विचार करावा लागतो.

कायदे : कारखाने अधिनियम, १९४८ याच्या कलम २९ अन्वये उचलयंत्रे, साखळ्या व दोर यांची जाणकार व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा तपासणी आणि सुरक्षित भाराचे स्पष्ट अंकन बंधनकारक झाले. हे संरक्षण कारखान्यांपुरते होते. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ आणि त्याखालील १९९८ चे केंद्रीय नियम यांनी ते बांधकामांना लागू केले. हे दोन्ही अधिनियम व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावले गेले असून संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. विहिरीवरची यारी व गावातील लहान बांधकामे यांपर्यंत तपासणी करणारा अधिकारी क्वचितच पोहोचतो; तेथे मुकादमाचे ज्ञान हाच खरा आधार असतो.

समृद्धी महामार्ग : नागपूर व मुंबई यांना जोडणारा ७०१ किमी. लांबीचा हा मार्ग जिल्ह्याच्या मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. नागपूर–शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. पुलांसाठी काँक्रीटच्या तुळया आधी जमिनीवर ओतून, मग उचलून खांबांवर बसविण्यात आल्या. एवढ्या प्रमाणावर अवजड उचल जिल्ह्याने पूर्वी पाहिली नव्हती.

२० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेड राजा तालुक्यातील ताडेगावनजीक या कामासाठी लोखंडी सळया नेणारा ट्रक उलटला. त्याच वाहनातून मजूरही नेले जात होते. त्यांपैकी १३ जण मृत्युमुखी पडले. वाहन कलंडताच सळया सरकतात आणि त्यांच्याजवळ बसलेल्या माणसास सुटका नसते. याच महामार्गाच्या ठाणे जिल्ह्यातील भागात, शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास तुळया बसविणारे अजस्र यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. पहिली दुर्घटना वाहतुकीतील व दुसरी उभारणीतील असली, तरी दोन्ही ठिकाणी माणसे भाराच्या पडण्याच्या वाटेत होती.

विहिरीची पाटी, कापसाची थप्पी, सळयांचा ट्रक व पुलाची तुळई यांचा इतिहास एकच गोष्ट दाखवितो. भाराचे वजन मोजण्याची व ते पेलण्याची विद्या उत्तरोत्तर वाढत गेली. माणसास भारापासून वेगळे ठेवण्याची शिस्त मात्र तितक्या वेगाने रुजली नाही. उचललेल्या भाराखाली कोणीही उभे राहू नये, भाराबरोबर कोणीही प्रवास करू नये आणि शंका आल्यास काम थांबविण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठ मजुरासही असावा, हे तीन नियम पाळण्यासाठी महाग यंत्र लागत नाही. कोणत्याही भाराची उचल यशस्वी झाली असे तो जागेवर बसल्यावरच म्हणता येत नाही. ती करणारे सर्वजण सायंकाळी घरी पोहोचल्यावरच तसे म्हणता येते.