काय ऐकले आणि का ऐकले : सोलापूरच्या श्रोत्यांविषयी

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या सूची आम्ही जेव्हा जेव्हा चाळतो, तेव्हा एक गोष्ट खटकते. सूचीत गायकाचे नाव असते, रागाचे असते, नाटकाचे असते, कंपनीचा क्रमांक तर असतोच. ती तबकडी कोणी विकत घेतली, कोणत्या घरात ती किती वेळा वाजली, आणि मुख्य म्हणजे ती ऐकणाऱ्याला का आवडली, याला मात्र सूचीत जागा नाही. 'काय' उरते, 'का' उरत नाही. साहित्याचा इतिहास लिहिताना आपण हीच चूक वेगळ्या रीतीने करतो. कवी आणि ग्रंथ यांची नोंद करतो, वाचकाला गृहीत धरतो. संस्कृत काव्यशास्त्राने सहृदयाला जे स्थान दिले, ते आपल्या वाङ्मयेतिहासात त्याला क्वचितच मिळाले. म्हणून या लेखात आम्ही गाणाऱ्यांकडून ऐकणाऱ्यांकडे वळणार आहोत, आणि त्यासाठी सोलापूर हे गाव निवडले आहे.

सोलापूर हे गिरणीच्या भोंग्यावर उठणारे आणि झोपणारे शहर होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषा येथल्या पेठांतून सहज कानावर पडतात. रामजोशी या शाहिराचे हे गाव. नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांतले हे नेहमीचे ठिकाण. मुंबई-मद्रास लोहमार्गावरचे हे स्थानक, आणि शेजारच्या होटगीहून विजापूरमार्गे गदगकडे जाणारा फाटा. म्हणजे हिंदुस्थानी संगीताच्या महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन घरांमधला हा जणू उंबरठाच. अशा गावात ग्रामोफोन आला तेव्हा तो कोणत्या कानांवर पडला असेल, याची कल्पना करता येते.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १९०२ साली. फ्रेडरिक गैसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्याला आला आणि गौहरजानसह अनेकांची गाणी त्याने मुद्रित केली. तबकड्या तयार होत जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गायिका शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत. कारखान्याची ही सोय पुढे श्रोत्यांना इतकी प्रिय झाली की नावाच्या त्या पुकाराशिवाय गाणे पुरे झाल्यासारखे वाटत नसे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. रात्रभर चालणाऱ्या बैठकीची सवय असलेल्या गवयाला तेवढ्यात राग मांडावा लागे. गवयांची ही तारेवरची कसरत अनेकांनी वर्णिली आहे. श्रोत्यांची कसरत मात्र फारशी कोणी सांगितलेली नाही. फोनोला चावी द्यायची, बाजू संपली की सुई बदलायची, तबकडी उलटायची, आणि पुन्हा कर्ण्यासमोर बसायचे. तीन मिनिटांसाठी एवढे सायास करणारा माणूस सहज म्हणून ऐकत नसतो. तो निवड करत असतो. आणि तीच तबकडी पन्नासदा ऐकता येते म्हटल्यावर त्याला एक नवे सामर्थ्य मिळते. बैठकीत निसटून गेलेली हरकत आता परत बोलावता येते, पारखता येते, शेजाऱ्याशी तिच्यावरून वाद घालता येतो. पुनःपुन्हा वाचता येणारे छापील पुस्तक हाती आल्यावर वाचक जसा टीकाकार झाला, तसा तबकडीमुळे श्रोता टीकाकार झाला, असे आम्हांस वाटते.

या श्रोत्याचे 'का' क्वचित एखाद्या वेळी इतिहासात शिरते. होटगीच्या फाट्याचे दुसरे टोक म्हणजे गदग. तेथल्या एका मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी ऐकली आणि आपल्यालाही असेच गाता आले पाहिजे, या ओढीने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले. हे भीमसेन जोशी. ही कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि ती ठाऊक असण्याचे कारणच आमच्या मुद्द्याचे आहे. तो मुलगा पुढे भीमसेन जोशी झाला म्हणून त्याचे ऐकणे नोंदले गेले. त्याच वर्षांत, त्याच लोहमार्गावरच्या गावांत, तीच ठुमरी ऐकून ज्यांचा जीव कासावीस झाला पण जे गिरणीत कारकून राहिले, शाळेत मास्तर राहिले, किंवा स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकत राहिल्या, त्यांचे 'का' कोठे आहे? कलावंताचे ऐकणे हे चरित्राचा भाग ठरते, रसिकाचे ऐकणे हवेत विरते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटू नये, म्हणून एक उदाहरण देतो. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचा 'शीळ' हा संग्रह प्रसिद्ध झाला १९५४ साली. पण त्याच नावाची त्यांची कविता गजानन वाटव्यांच्या पिढीच्याही आधी, १९३०च्या दशकाच्या आरंभी, जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि घरोघर पोचली. मराठी भावगीताच्या इतिहासातला तो एक आरंभबिंदू मानला जातो. म्हणजे सुमारे वीस वर्षे या कवितेचे 'वाचक' हे बहुतांशी श्रोते होते. त्यांनी ती संग्रहाच्या पानावर पाहिली नव्हती, ती त्यांच्याकडे चालीसह, ठेक्यासह आणि तीन मिनिटांच्या चौकटीसह आली होती. आपण वर्गात भावकविता शिकवतो तेव्हा तिच्या या पहिल्या जन्माचा उल्लेखही करत नाही. जोशी पुढे १९३८ पासून मुंबईत एच.एम.व्ही.मध्ये ध्वनिमुद्रणाचे काम पाहत होते, आणि 'स्वरगंगेच्या तीरी' हे त्यांचे आठवणींचे पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहे. त्यात स्वाभाविकच आहेत ते गायक, वादक आणि मुद्रणाची खोली. श्रोत्यांच्या खोल्यांची आठवण त्या त्या घरांनीच लिहायला हवी होती.

आकाशवाणीने श्रोत्याला नाव दिले. 'आपली आवड'मध्ये गाण्याआधी पत्रलेखकांची आणि त्यांच्या गावांची नावे वाचली जात, आणि आपले नाव ऐकण्यासाठी घर कान टवकारून बसे. पण तेथेही वाचले जाई ते नाव, गाव आणि गाणे. कारण वाचण्याची प्रथा नव्हती. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून गदिमा-बाबूजींचे 'गीतरामायण' वर्षभर सुरू होते. छप्पन्न गीतांच्या त्या मालिकेने महाराष्ट्राला ठरलेल्या वेळी, एकत्र, क्रमाने ऐकायला शिकवले. ज्याला आज अल्बम म्हणतात, म्हणजे एका सूत्रात ओवलेला आणि सलग ऐकायचा गीतसमूह, त्याची मराठी मनाला झालेली ही पहिली मोठी ओळख म्हणावी लागेल. तिच्या रचनाकारांविषयी विपुल लिहिले गेले. रेडिओला हार घालणाऱ्यांविषयी लिहिले गेले ते कौतुकाने, अभ्यासाच्या दृष्टीने फार थोडे.

या सगळ्या पार्श्वभूमीवर सोलापूरचे महत्त्व कळते. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्राचे काम करणारे सुरेश चांदवणकर हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. तिच्या शाखा ज्या मोजक्या गावांत निघाल्या त्यांत सोलापूर होते, शेजारचे तुळजापूरही होते. 'द रेकॉर्ड न्यूज' हे संस्थेचे नियतकालिक पुढे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासकांना खुले झाले. श्रवणसत्र हा या मंडळींचा मुख्य उपक्रम. एखादा सदस्य एक विषय घेतो, एखादा गायक, एखादे नाटक, एखादा राग. त्याच्या तबकड्या क्रमाने ऐकवतो आणि मध्ये मध्ये बोलतो. ही तबकडी कोठे सापडली, तिच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, याच गायकाने हीच चीज आधी कशी म्हटली होती, आणि आपण आज हीच का आणली.

या शेवटच्या वाक्यासाठी आम्हांला या सत्रांचे मोल वाटते. तेथे 'का' हे मोठ्याने बोलले जाते. वृत्तपत्री संगीतसमीक्षेत असतो तसा निवाड्याचा सूर त्यात नसतो. बोलणाऱ्याजवळ अधिकार असतो तो फक्त वर्षानुवर्षे ऐकण्याचा आणि जुन्या बाजारात उन्हातान्हात धुळीतून ताटल्या चाळण्याचा. मराठीत तोंडी समीक्षेची परंपरा आहे, ती कीर्तनकाराच्या निरूपणात आहे, फडावरच्या सवाल-जबाबात आहे. श्रवणसत्र हे तिचेच एक शहरी रूप. आणि तोंडी परंपरेचे जे होते तेच तिचेही होते. तबकड्या जपल्या जातात, त्यांचे संगणकीय रूपांतर होते. बोलणे मात्र सत्र संपले की संपते.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. संग्राहकाचे कपाट निरागस नसते. त्यात नाट्यसंगीत, ख्याल, ठुमरी आणि जुने चित्रपटगीत यांना मानाची जागा मिळते. पण १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा सोलापूरच्या वस्त्यांतून जे ऐकले जात होते, ते या कपाटांत कितपत आहे? याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते एकाच टेपवर, एकाच घरात वाजत. वामनदादा कर्डक यांची रचना पुस्तकापेक्षा गायकाच्या गळ्यातून आणि पुढे कॅसेटमधून कितीतरी दूर गेली. हे दोघेही २००४ साली गेले. 'शीळ'बद्दल जे म्हटले तेच वामनदादांबद्दल म्हणता येते : कवितेचा पहिला जन्म ध्वनीत झाला. मात्र पहिल्याला वाङ्मयेतिहासात भावगीत म्हणून कोनाडा मिळाला, दुसऱ्याला मिळायला फार वेळ लागला. पद्मशाली विणकरांच्या घरांत मागाच्या खटखटाटावर कोणती तेलुगू गाणी चढत होती, हा तर मराठी अभ्यासकाने विचारलेलाच नाही असा प्रश्न. शेलॅकची तबकडी दुर्मिळ म्हणून जपली जाते. कॅसेट सामान्य होती म्हणून फेकली गेली, आणि फीत तर तबकडीहून लवकर बाद होते. उद्याच्या इतिहासात एकाच वर्गाचे कान शिल्लक राहण्याचा धोका आहे तो असा.

मग करावे काय? आमची सूचना साधी आहे. सोलापुरात २००४ पासून विद्यापीठ आहे, मराठी विभाग आहेत, आणि त्यांत शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी आजी-आजोबा आहेत. भाषेच्या विद्यार्थ्याला शब्दांची नोंद घेता येते, हे त्याचे शिक्षणच आहे. त्याने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत. काय ऐकत होता, आणि का? पहिल्याचे उत्तर एका ओळीत येईल. दुसऱ्याला वेळ लागेल. कोणी चाळीविषयी सांगेल, कोणी गिरणीतल्या पाळीविषयी, कोणी नवऱ्याच्या नकळत लावलेल्या रेडिओविषयी, कोणी म्हणेल की कारण काही नाही, बरे वाटायचे. तेही उत्तर जसेच्या तसे, त्याच बोलीत लिहून घ्यावे.

गिरण्यांचे भोंगे थांबले. कर्ण्याचे फोनो शोभेच्या वस्तू झाले. तबकड्या जपायला संग्राहक आहेत, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण गाणे तबकडीवर अर्धेच असते, उरलेले अर्धे ऐकणाऱ्यात असते. ज्या पिढीने सुई बदलली, ती आता आपल्यात फार थोडी उरली आहे. तिला विचारण्याचे काम सूची करणाऱ्यांचे नाही, आपले आहे.