मोडीत निघालेला इतिहास

इतिहासाची साधने कोणती, असे विद्वानांना विचारले तर ते बखरी, सनदा, ताम्रपट आणि दप्तरे यांची नावे सांगतील. त्यांचा अधिकार मोठा आहे. माझी शाळा सातवीतच सुटली. तरीही कामगार संघटनेच्या कामात मुंबईभर हिंडताना मला एक साधन असे आढळले की ज्याची कोणत्याही दप्तरखान्यात फारशी विचारपूस होत नाही. ते म्हणजे जुन्या बाजारात विक्रीस मांडलेली संसाराची भांडीकुंडी. ताम्रपटावर राजाचे नाव असते. हंड्यावर कामगाराच्या बायकोचे असते. एवढाच काय तो भेद.

मुंबईत भेंडी बाजाराजवळ मटन स्ट्रीटवर चोरबाजार आहे. शुक्रवारी तेथील दुकाने बंद असतात, पण त्याच दिवशी भल्या पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नावामुळे चोरबाजारातला सारा माल चोरीचा, असा कित्येकांचा समज असतो. मूळ शब्द गलबला या अर्थाचा 'शोर' असावा, असेही सांगतात. ते कसेही असो. माझ्या पाहण्यात तेथे येणारे पुष्कळसे सामान चोराने आणलेले नसते. ते वाटण्या झाल्या म्हणून, वाडा पडला म्हणून किंवा घरात दाणा उरला नाही म्हणून आलेले असते.

या बाजारात सणासुदीची आरासही मिळते. गणपतीच्या दिवसांत दिवाणखान्यात टांगायच्या रंगीत काचेच्या हंड्या, झुंबरे, पितळी समया दिसतात. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे अजूनही चौकटींसकट सापडतात आणि शौकीन लोक त्यांना भरपूर दाम देतात. परंतु चाळीतला बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा आकाशकंदील तेथे कधी दिसत नाही. तो दिवाळी सरताच फाटला. गणपतीचे कागदी मखरही तसेच गेले. म्हणून येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या बाजारावरून कोणी अनुमान काढील की सण श्रीमंतांनीच साजरे केले. खरी गोष्ट अशी की श्रीमंतांची आरास काचेची होती म्हणून उरली, गरिबांची कागदाची होती म्हणून उरली नाही.

मग गरिबांचे काय उरले? तांबे आणि पितळ. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांच्या कंपनीची. ती १८५६ साली चालू झाली. पुढे कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. बायकामुले पुष्कळदा गावी, आणि एका खोलीत गावचे दहा-वीस गडी. त्यांची पेढी कोणती? हंडा, कळशी, परात, घंगाळ हीच त्यांची पेढी. धातूला वजन आहे आणि वजनाला भाव आहे. अडीअडचणीला भांडे गहाण पडते, मोडीत जाते. लग्नात आहेर भांड्यांचा. दुकानाच्या दारात बसलेला कारागीर छिन्नीने ठिपके ठोकून त्यावर नाव, गाव आणि तारीख घालून देई. गावमंडळे लग्नकार्यासाठी मोठी पातेली घेत आणि त्यांवर मंडळाचे नाव कोरून घेत. आज त्या मंडळाची वही सापडणार नाही, पातेले सापडते.

ही भांडी बाजारात लोटली ती दोन वाटांनी. पहिली वाट रुचिपालटाची. पितळेला कल्हई लागते, नाही तर आंबट पदार्थ कळकतो. स्टीलला ती यातायात नाही. स्टील घरोघर आले तसे पितळ माळ्यावर आणि माळ्यावरून मोडीत गेले. यात दुःख नाही. दुसरी वाट मात्र भुकेची.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी जाहीर केले नाही. तो विरत गेला. माझे वडील त्या संपात होते आणि मी बारा वर्षांचा होतो. पहिल्या महिन्यांत सुकी मासळी बंद झाली, नंतर चहातले दूध. गणपतीच्या आधी आईने माहेरचा तांब्याचा हंडा रिकामा केला, चिंचेने घासून लखलखीत केला, आणि वडिलांना म्हणाली, "अहो, घेऊन जा." मी बरोबर गेलो होतो. व्यापाऱ्याने हंडा काट्यावर ठेवला, वजन सांगितले आणि पैसे मोजले. कडेवर आईचे नाव होते. ते त्याने वाचलेही नाही. वाचायचे कारणच नव्हते. मोडीला वजन असते, नाव नसते. पुढे यंत्रमागही मोडीत निघाले, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले.

तो हंडा शोधण्याचा वेडेपणा मी अजून करतो. तो वितळून गेला असणार, हे मला कळते. मध्यंतरी एका कळशीवर बाईचे नाव, कोकणातले गाव आणि 'मामाकडून' एवढी अक्षरे वाचली. दुकानदार म्हणाला, "साहेब, नाव घासून देतो, मग शोभेला छान दिसेल." मी म्हटले, "नावाचेच पैसे देतोय बाबा, घासू नकोस."

ती कळशी आज आमच्या संघटनेच्या कचेरीत टेबलावर आहे. संपाचा ठराव आला की नव्या रक्ताची मुले तावातावाने बोलतात, आणि त्यांचे बोलणे बहुधा न्याय्य असते. संप हे कामगाराचे हत्यार आहे, ते मी टाकून द्या म्हणणार नाही. पण हात वर करण्यापूर्वी मी ती कळशी त्यांच्यापुढे सरकवतो आणि तिच्यावरचे नाव मोठ्याने वाचायला सांगतो. लढ्याच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात, मागण्या येतात, तारखा येतात. तो लढा कोणाच्या हंड्यावर चालला, ते मात्र काट्यावर तोलून वितळवले जाते. मित्रहो, आपल्या माळ्यावर एखादे जुने भांडे असेल तर ते मोडीत देण्यापूर्वी त्याच्या कडेवर काय कोरले आहे तेवढे वाचा आणि वहीत उतरवून ठेवा.