आग्वाद : एक तट, दोन वस्त्या

समुद्रकाठचे ऐषारामी हॉटेल ही कल्पना मूळची आपली नव्हे. फ्रान्सच्या भूमध्यसागरी किनाऱ्यावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रज धनिक हिवाळा घालवण्यास जाऊ लागले. त्यांचे निमित्त हवापालटाचे होते. पुढे नीस येथे १९१३ साली उघडलेल्या नेग्रेस्कोसारख्या हॉटेलांनी त्या हवापालटाला वैभवाचे रूप दिले. आपल्याकडचा समुद्र व्यापाराचा, मासेमारीचा आणि स्वाऱ्यांचा. त्याच्याकडे नुसते पाहत बसण्यासाठी पैसे मोजण्याची रीत इथे उशिरा आली.

गोव्यात या रीतीचा एक ठळक आरंभ १९७४ साली झाला. ताज समूहाने सिकेरी येथे आग्वाद किल्ल्याच्या बुरुजालगत आपले हॉटेल उघडले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेतील राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात आले, तेव्हा त्यांच्याकरिता याच परिसरात खास निवासस्थाने बांधली गेली. गोवा हे जागतिक पर्यटनाच्या नकाशावर येण्यात या घटनेचा वाटा मोठा आहे.

ज्या दगडांच्या आधाराने हे वैभव उभे राहिले, त्यांचा इतिहास मात्र निराळा आहे. पोर्तुगीजांनी हा किल्ला १६१२ मध्ये पुरा केला. डचांपासून आणि पुढे मराठ्यांपासून मांडवीच्या मुखाचे रक्षण करणे हे त्याचे काम. पोर्तुगीज भाषेत पाण्याला ‘आग्वा’ म्हणतात. येणारीजाणारी गलबते इथे गोडे पाणी भरून घेत, म्हणून हे नाव. सालाझारच्या राजवटीत याच किल्ल्याच्या खालच्या भागात राजकीय कैदी कोंडले गेले. १९४६ साली राममनोहर लोहिया इथे होते. १९५५ च्या सत्याग्रहातील ना. ग. गोरे, मधु लिमये हेही इथलेच बंदी. मोहन रानडे यांना आग्वादहून पुढे पोर्तुगालमध्ये नेण्यात आले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तरी रानडे १९६९ पर्यंत तिथल्या तुरुंगात होते. त्यांचे ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन मराठीत आहे.

म्हणजे १९७४ साली हॉटेल सुरू झाले तेव्हा रानड्यांच्या सुटकेला जेमतेम पाच वर्षे लोटली होती. शिवाय मुक्तीनंतरही तुरुंग तुरुंगच राहिला होता. २०१५ मध्ये कैदी कोलवाळला हलवले जाईपर्यंत, चाळीस वर्षे, एकाच भूशिरावर पाहुणे आणि कैदी दोघेही राहत होते. समोरचा समुद्र एकच होता. एकाला तो दिसावा म्हणून खिडकी मोठी केली होती आणि दुसऱ्याला तो ओलांडता येऊ नये म्हणून भिंत उंच केली होती.

आम्ही हे खानदेशात बसून लिहितो, त्याला कारण आहे. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आमचे विद्यार्थी ‘गीता प्रवचने’ हातात घेतात तेव्हा त्या भिंतींची आठवण ग्रंथाबरोबरच येते. आग्वादचे तसे झालेले नाही. आमच्या वर्गात गोवा येतो तो बहुधा बोरकरांच्या कवितेतून, माडांचा आणि चांदण्याचा. ती कविता खरी आहे आणि बोरकर स्वतः मुक्तिलढ्यातले होते. पण त्या कवितेशेजारी ‘सतीचे वाण’ ठेवले नाही, तर विद्यार्थ्याच्या मनातला गोवा जाहिरातीतल्या गोव्यापेक्षा फारसा वेगळा राहत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये आग्वादच्या तुरुंगाचे संग्रहालय खुले झाले, हे चांगलेच झाले. त्यासाठी हॉटेलला दोष देण्याचे कारण नाही. जुने दगड नव्या कामी येतातच. मात्र संग्रहालय कोठडी दाखवू शकते, कोठडीतला काळ दाखवू शकत नाही. तो पुस्तकातच सापडतो. तुरुंगातील लेखनाला आपण वाङ्मयेतिहासात एखादा परिच्छेद देऊन पुढे जातो. आग्वादच्या संदर्भात तरी ते लेखन इतिहासाचे साधन म्हणून वाचले जावे आणि त्याची सुरुवात मराठीच्या वर्गातूनच व्हावी, असे आम्हांस वाटते.