वजनघटीनंतरची पुरुष-छाती न्यूनीकरण शस्त्रक्रिया

मोठ्या प्रमाणावर वजन उतरल्यावर पुरुषाच्या छातीवर लोंबत राहिलेली त्वचा, उरलेली चरबी आणि वाढलेली असल्यास स्तनग्रंथी काढून छाती सपाट करण्याची शस्त्रक्रिया. गायनेकोमास्टिया म्हणजे पुरुष-स्तनवृद्धी. तिच्यावरील नेहमीच्या शस्त्रक्रियेशी हिचे जवळचे नाते आहे. तिथे मुख्य अडचण ग्रंथीची असते, इथे कातडीची. हे ध्यानात न घेता नुसते लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढणे, केले, तर आतला भराव जातो आणि आधीच सैल असलेली त्वचा आणखी लोंबते.

लठ्ठपणात वर्षानुवर्षे ताणल्या गेलेल्या त्वचेतील लवचिक तंतूंची हानी होते. त्यामुळे आतली चरबी ओसरली तरी त्वचा पूर्वीइतकी आक्रसत नाही. स्तनाग्रे खाली आणि बाहेरच्या बाजूला सरकतात, छातीखाली घडी पडते, आणि पुष्कळदा ती काखेखालून पाठीपर्यंत वळीसारखी जाते. व्यायामाने छातीचे स्नायू भरतात, पण त्वचा कमी होत नाही. जिममध्ये घाम गाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट कोणीतरी वेळीच सांगायला हवी, नाहीतर तो दोष स्वतःच्या आळसाला देत बसतो. घडीत घाम साचून पुरळ उठते, बुरशीचा संसर्ग होतो. उन्हाळ्यातही शर्टाच्या आत घट्ट बनियन घालणे, पोहायला जायचे टाळणे, चारचौघांत उघड्या अंगाने न वावरणे हे अनेकांच्या अंगवळणी पडते. ‘एवढे वजन उतरवले, आता आणखी काय हवे?’ हा घरच्यांचा प्रश्न प्रेमापोटी आला तरी अन्यायाचा आहे. हा त्रास खरा असतो आणि त्यावर उपाय मागणे योग्यच.

तपासणीत पहिला प्रश्न ग्रंथीचा. डॉक्टर बोटांच्या चिमटीत स्तनाग्रामागचा भाग धरून पाहतात. रबरासारखी घट्ट चकती हाताला लागली तर ग्रंथी वाढलेली आहे. नुसते मऊ लागले तर ती चरबी. चरबीतील अ‍ॅरोमाटेज हे विकर पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, म्हणून लठ्ठ पुरुषांत दोन्ही एकत्र सापडू शकतात. स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे, व्यायामशाळांतून मिळणारी अ‍ॅनाबोलिक स्टेरॉइड्स, यकृताचे आजार, वृषणाचे विकार हीही ग्रंथीवाढीची कारणे असतात आणि ती आधी शोधावी लागतात. एकाच बाजूची कडक गाठ किंवा स्तनाग्रातून रक्तस्राव असेल, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी कर्करोगाची तपासणी करायची. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे 1 टक्का पुरुषांत आढळतो.

या शस्त्रक्रियेचा विचार जुना आहे. सातव्या शतकातील ईजायनाचा पॉल या बायझंटाइन वैद्याने स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घेऊन चरबी काढण्याची रीत लिहून ठेवली. स्तन लोंबत असेल तर असे दोन छेद टोकांशी जुळवून मधली त्वचाही काढावी, असे त्याने सांगितले. जादा त्वचेचा प्रश्न त्याला पुरता उमगला होता. 1946 मध्ये शल्यचिकित्सक वेबस्टर यांनी स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेत लपणारा अर्धवर्तुळाकार छेद मांडला. 1973 मध्ये सायमन, हॉफमन व कान यांनी स्तनवृद्धीची प्रतवारी केली. तीत जादा त्वचा आहे की नाही हा निकष ठळक आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उभे करून छातीवर पेनने खुणा करतात, कारण आडवे झाल्यावर त्वचा पसरते आणि लोंबण्याचा अंदाज चुकतो. त्वचा थोडीच जादा असेल तर वर्तुळाभोवतीच्या छेदातून काम भागते. खूप असेल तर छातीच्या खालच्या कडेने आडवा लांब छेद घेऊन त्वचेचा पट्टाच काढतात. तेव्हा स्तनाग्र दोन प्रकारे वर नेता येते. रक्तपुरवठ्याच्या देठासह हलवले तर संवेदना टिकण्याची शक्यता जास्त, पण देठाची जाडी राहिल्याने छाती पूर्ण सपाट होत नाही. ते पूर्ण सोडवून कलम म्हणून नव्या जागी बसवले तर छाती सपाट होते, मात्र संवेदना बहुधा जाते आणि सावळ्या त्वचेवर कलमाचा रंग ठिपक्याठिपक्यांनी फिका पडू शकतो. आकार हवा असेल तर व्रण स्वीकारावा लागतो. आडवा व्रण कायम राहतो. वर्ष-दीड वर्षात तो फिका होतो, पण पुसला जात नाही. आधी ज्यांच्या अंगावर केलॉइड, म्हणजे जखमेबाहेर वाढणारे जाड व्रण, उठले आहेत त्यांनी हे विशेष विचारात घ्यावे, कारण छाती ही केलॉइडची आवडती जागा.

घाई करू नये. वजन निदान तीन ते सहा महिने स्थिर असावे. जठराची बॅरिआट्रिक शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण बारा ते अठरा महिने थांबतात. अशा रुग्णांत प्रथिने, लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व कमी असण्याचा संभव असतो आणि कुपोषित शरीरात जखम भरत नाही. डाळ-भात पोटभर खाल्ला म्हणजे प्रथिने पुरली असे समजू नये, रक्ततपासणी करावी. धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद करावे, कारण निकोटिनने स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. वजन घटवण्यासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइडची इंजेक्शने सुरू असतील तर भूलतज्ज्ञाला जरूर सांगावे. या औषधांनी जठर उशिरा रिकामे होते आणि भुलेखाली अन्न श्वासमार्गात जाऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस साचणारा द्रव बाहेर काढणाऱ्या नळ्या, चार ते सहा आठवडे घट्ट बनियन आणि तेवढाच काळ वजन उचलणे बंद. रक्त किंवा द्रव साचणे, टाके उसवणे, दोन्ही बाजूंत फरक राहणे, स्तनाग्राचा भाग मृत होणे हे धोके आहेत. ग्रंथी जास्त खरवडली तर तिथे बशीसारखा खोलगट भाग तयार होतो.

भारतात आरोग्य विम्यातून केवळ दिसण्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार हे अपवाद. घडीतील वारंवारच्या संसर्गाची नोंद, छायाचित्रे आणि त्वचारोगतज्ज्ञाचे कागद जपून ठेवल्यास दावा मांडायला आधार मिळतो. शल्यचिकित्सक प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा तत्सम पदवीचा असावा, आणि काढलेली ग्रंथी सूक्ष्मदर्शी तपासणीसाठी पाठवली जाईल ना, हे आधीच विचारून घ्यावे.