ध्वनियंत्राच्या पेटीची कथा

ग्रामोफोनचा इतिहास लिहिताना गायकांची नावे येतात, तबकड्यांचे क्रमांक येतात, फार झाले तर यंत्राच्या मंडलाची आकृतीही येते. ज्या पेटीत ते यंत्र बसवले जाते तिच्याविषयी मात्र दोन ओळीदेखील कोणी खर्ची घालीत नाही. पेटी म्हणजे सुताराचे किंवा पत्रेवाल्याचे काम, त्यात इतिहास तो कसला, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत आम्हांस मान्य नाही. प्री-अँप्लिफायर नावाचे यंत्र ज्यांनी ज्यांनी घरी बांधले, त्यांची खरी परीक्षा पेटीनेच घेतली आहे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. चुंबकीय सुईकडून येणारा ध्वनिसंकेत जेमतेम पाच मिलिव्होल्टांचा, म्हणजे व्होल्टाच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा असतो. तो मोठ्या अँप्लिफायरला पुरेल इतका वाढवणे हे एक काम. दुसरे काम अधिक नाजूक आहे. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दबवलेले असतात, कारण तसे केले नाही तर शेजारशेजारच्या खाचा एकमेकींत घुसतील. वाजवताना ते स्वर पुन्हा वर उचलावे लागतात. १९५४ साली अमेरिकेत ठरलेल्या प्रमाणानुसार पन्नास आवर्तनांचा स्वर हजार आवर्तनांच्या स्वराच्या तुलनेने सुमारे सातपट उचलला जातो. आणि आपल्या घरातील विजेची आवर्तनेही नेमकी पन्नासच! विजेची जी गुणगुण यंत्राच्या तोंडाशी शिरेल, तीही स्वराबरोबर सातपट होऊन बाहेर पडणार. गाणे राहिले बाजूला, भुंग्याचा नाद तेवढा ऐकत बसावे, असा हा प्रकार.

इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात आपल्या अँप्लिफायरची रचना प्रसिद्ध केली, आणि देशोदेशींच्या हौशी मंडळींनी सोल्डरिंगची कावी हाती घेतली. त्याच मासिकात १९४९ साली त्यांनी प्री-अँप्लिफायरचीही रचना दिली. दोन यंत्रे वेगळी का? कारण मोठ्या यंत्रावर वजनदार ट्रान्सफॉर्मर असतात, व्हॉल्व्ह तापतात. ते कपाटाच्या तळाशी बरे. उलट आवाज कमीअधिक करण्याच्या खुंट्या हाताशी हव्यात. पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की, ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होते. अंतर दुप्पट केले तर ते साधारणतः आठव्या हिश्श्यावर येते. आपल्या गोमंतकातील देवालयांत नगारखाना महाद्वाराशी आणि देव गर्भकुडीत, ही रचना वाचकांच्या नित्य पाहण्यातली आहे. यंत्र बांधणाऱ्यांनाही तीच व्यवस्था अनुभवाने स्वीकारावी लागली.

पत्रा कोणता घ्यावा, हा पुढचा प्रश्न. अॅल्युमिनियम कापायला सोपा, गंजत नाही, दिसायला स्वच्छ. म्हणून घरी काम करणाऱ्यांची पसंती त्यालाच. विद्युत् क्षेत्र तो उत्तम अडवतो, पण पन्नास आवर्तनांच्या चुंबकीय क्षेत्रापुढे त्याचा काही इलाज चालत नाही. पोलाद थोडेबहुत अडवते. खरा उपाय म्युमेटलचा. निकेल आणि लोखंडाचा हा मिश्रधातू १९२३ साली लंडनमध्ये विलोबी स्मिथ आणि हेन्री गार्नेट यांनी समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींसाठी तयार केला. सागरतळाशी निरोप वाहण्यासाठी जन्मलेली धातू दिवाणखान्यातील गाण्याच्या कामी आली, हे आम्हांस मोठे मौजेचे वाटते. मात्र ती महाग. म्हणून अख्खी पेटी तिची न करता केवळ नाजूक भागांवर तिचे आवरण घालण्याचा प्रघात पडला.

लाकडी पेटी दिसते देखणी, पण संरक्षण म्हणून तिचा उपयोग शून्य. लाकडाच्या आत धातूची दुसरी पेटी हवीच.

घरी बांधलेल्या यंत्राने केवढी मजल मारावी, याचे उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कमधील क्यू गार्डन्स येथील सॉल मॅरँट्झ. हे व्यवसायाने चित्र-आरेखनकार. आपल्या १९४० सालच्या मर्क्युरी मोटारीतील रेडिओ काढून तो घरात वाजवण्याच्या खटपटीतून त्यांना या विद्येचा नाद लागला, असे सांगतात. १९४८ साली कोलंबिया कंपनीची दीर्घवादी तबकडी आली. त्या वेळी दर कंपनीची खर्ज दबवण्याची पद्धत निराळी होती, आणि बाजारातील यंत्रे त्यांना पसंत पडेनात. तेव्हा त्यांनी स्वतःच एक प्री-अँप्लिफायर बांधला. १९५२ मध्ये, पत्नी जीन यांच्या प्रोत्साहनाने, त्याचे शंभर नग घरीच केले. नाव ‘ऑडिओ कॉन्सोलेट’. निरनिराळ्या कंपन्यांच्या तबकड्यांसाठी दोन खुंट्यांच्या मेळाने छत्तीस जुळण्या करता येत. वीज पुरवणारा भाग त्यांनी पेटीबाहेर वेगळा ठेवला होता. दर्शनी पट्टीवर खुंट्यांची मांडणी इतकी सुबक की, आरेखनकाराचा हात ओळखू यावा. पुढे मागणी शेकड्यांनी आली आणि कंपनी उभी राहिली. यंत्राच्या गुणांइतकेच श्रेय आम्ही त्या पट्टीला देऊ. जाणकारांनी खुशाल मतभेद दाखवावा.

१९५४ नंतर सर्व कंपन्या हळूहळू एकाच प्रमाणावर आल्या आणि त्या जास्तीच्या खुंट्या बाजारातील यंत्रांवरून नाहीशा झाल्या. नव्या तबकड्यांसाठी हे ठीक झाले. पण केरीच्या केसरबाई केरकरांच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या त्या प्रमाणापूर्वीच्या आहेत. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला तो याच केसरबाईंचा स्वर. आजच्या सामान्य यंत्रावर या जुन्या तबकड्या लावल्या तर स्वराचा तोल बिघडतो. आवाज खऱ्याहून मंद आणि झाकोळलेला लागतो. ज्यांच्या घरी आजोबांच्या तबकड्या कपाटात पडून आहेत, त्यांना रुंद टोकाची सुई आणि जुन्या जुळण्यांची सोय असलेला प्री-अँप्लिफायर लागतो. तो दुकानात क्वचित मिळतो, म्हणून पुष्कळांना तो बांधवून घ्यावा लागतो, आणि मग पेटीचा प्रश्न पुन्हा दारात उभा!

अशा हौशी मंडळींसाठी जुन्या कारागिरांची रीत येथे नोंदवून ठेवतो. सोळा गेजचा पत्रा घ्यावा. सर्व भोके रंगापूर्वी पाडावीत. ध्वनिसंकेताची भूमी पेटीला एकाच ठिकाणी, सुईची तार आत येते तेथेच, जोडावी. दोन ठिकाणी जोडली की त्या वेढ्यातून गुणगुण शिरते. आणि अॅनोडाइज केलेल्या पत्र्याचे आवरण वीज वाहू देत नाही हे ध्यानी धरून, झाकण जेथे पेटीला टेकते तेथे ते कानशीने खरवडून आतला उघडा धातू धातूस भिडवावा, आणि मगच स्क्रू आवळावेत.